समुद्रसपाटीपासून माथ्यापर्यंत: कोकणातील सोपे डोंगर चढण्याची पद्धत

कोकणात डोंगर चढण्याची सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून होते आणि पुढचे बहुतेक नियोजन या एका गोष्टीवर अवलंबून असते. देशावरच्या शिखरांची उंची आकड्यांत मोठी दिसते, पण तिथली पायथ्याची गावेच मुळात बऱ्याच उंचीवर वसलेली आहेत. कळसूबाई १६४६ मीटर उंच असली तरी बारी गावातून चढणाऱ्याला त्यातला काही भागच स्वतःच्या पायांनी चढावा लागतो. पालीचा सरसगड अवघा ४९० मीटर आहे, पण पाली गाव अंबा नदीच्या खोऱ्यात सखल जागी असल्यामुळे त्या आकड्यातला बहुतेक भाग चढणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्यामुळे ‘कोकणातले डोंगर बुटके’ अशा समजुतीने निघालेली माणसे पहिल्या तासातच दमलेली आढळतात.

दुसरी गोष्ट हवेची. घाम येतो, पण दमट हवेत तो सुकत नाही आणि न सुकणारा घाम शरीराला थंड करीत नाही. उंची वाढली की हवा गार होते हे खरे असले, तरी हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हे प्रमाण धरले तर चारशे मीटरच्या डोंगरावर जेमतेम अडीच अंशांचा फरक पडतो. म्हणजे कोकणातील चढाईत खरी परीक्षा उंचीपेक्षा उष्म्याची आणि घड्याळाची असते. हा लेख त्याच दृष्टीने लिहिला आहे. ज्याची प्रकृती ठीक आहे, जो अलिबाग, रोहा, महाड, खेड, चिपळूण, कुडाळ अशा कोणत्याही गावातून किंवा मुंबईहून येऊन पहिल्यांदाच डोंगर चढू पाहत आहे, त्याने घरातून निघण्यापूर्वीपासून परत घरी पोहोचेपर्यंत काय करावे, याचा क्रम येथे दिला आहे.

महिना आणि दिवस

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने नवख्यासाठी सर्वांत योग्य आहेत. ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवे आणि मोहक दिसतात, पण पावसाने भिजलेल्या जमिनीची वाफ आणि वरचे कडक ऊन यांमुळे तो महिना चढाईला फसवा आहे. शिवाय पुरुषभर उंच वाढलेल्या गवतात वाटा बुजलेल्या असतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून गवत वाळते, वणवे लागू लागतात आणि गडांवरच्या टाक्यांतले पाणी खाली जाते. मार्च ते मे या काळात चढायचेच असेल, तर सकाळी नऊच्या आत माथा गाठता येईल एवढाच लहान डोंगर निवडावा.

पावसाळ्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची माती तेवढे पाणी पिऊन जड होते आणि कातळावरून सुटते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या वस्त्या दरडीखाली गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या, डोंगर ओळखणाऱ्या लोकांनाही ज्याचा अंदाज आला नाही, तो अंदाज आपल्याला येईल असे मानणे अत्यंत चुकीचे आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक गड आणि धबधबे यांवर जाण्यास मनाई करते. तो आदेश पाळावा आणि आदेश नसला तरी हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असलेल्या दिवशी डोंगराकडे फिरकू नये. पहिली चढाई तर पावसाळ्यात मुळीच करू नये.

दिवस निवडताना शक्यतो रविवार टाळावा. गर्दीच्या वाटेवर दगड घरंगळतात, अरुंद जागी खोळंबा होतो आणि स्वतःच्या चालीने चालता येत नाही.

डोंगराची निवड

पहिला डोंगर असा असावा की ज्याची वाट चुकूच शकत नाही. अलिबागजवळचा कनकेश्वर हा या दृष्टीने फार चांगला आहे. मापगावातून थेट देवळापर्यंत दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत, गावकरी आणि भाविक रोज चढतात, वाटेत झाडांची सावली आहे आणि वर देवळाजवळ मोठे कुंड आहे. सातशेच्या आसपास पायऱ्या आणि त्यांना जोडणारा चढ न थांबता, पण न धापा टाकता चढता येतो का, हे इथे समजते. तसा तो एक प्रकारे स्वतःची तपासणी करून घेण्याचा डोंगर आहे.

त्यानंतर त्याच परिसरातला सागरगड घ्यावा. खंडाळे गावातून निघणारी वाट आधी सिद्धेश्वराच्या देवळाशी, तिथून माचीवरच्या वस्तीपर्यंत आणि मग गडावर नेते, त्यामुळे चढाईचे आपोआप तीन टप्पे पडतात आणि दम संपला तर कोणत्याही टप्प्यावरून सन्मानाने परतता येते. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांची जोडी दिसते. रोह्याकडच्या वाचकांना घोसाळगड आणि अवचितगड जवळचे आहेत. घोसाळगड लहान आहे. मेढे गावावरून चढणारी अवचितगडाची वाट मात्र दाट रानातून जाते आणि तिथे वाट ओळखण्याचा पहिला खरा सराव होतो. गडावरचे बारा कोनांचे टाके तेवढ्यासाठी जाऊन पाहावे असे आहे.

तिसऱ्या पायरीवर सरसगड आणि सुधागड येतात. दोन्ही पालीच्या आसपास असले, तरी दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. सरसगडावर एका घळीत कातळात खोदलेल्या ९६ उंच पायऱ्या आहेत. त्या चढताना भीती वाटत नाही, उतरताना वाटते, म्हणून उंचीची भीती किती आहे हे तिथे कळते. सुधागडाची कसोटी लांबीची आहे. पाच्छापूरच्या बाजूने किंवा ठाकूरवाडीतून लोखंडी शिडीच्या वाटेने वर गेले की प्रशस्त पठार, भोराईदेवीचे देऊळ आणि पंतसचिवांचा वाडा लागतो. पाच्छापुराला इतिहासातही जागा आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आणि संभाजी महाराज यांची भेट १६८१ मध्ये याच गावाजवळ झाली. रायगडाचाही समावेश याच पायरीत करावा, मात्र रोपवेने नव्हे, तर चित्त दरवाजाकडून दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढून. बांधलेली वाट असल्यामुळे रायगड सोपा समजला जातो, पण पायऱ्यांवर सावली कमी आहे आणि तापलेल्या दगडातून उलटा येणारा उष्मा माणसाला लवकर दमवतो.

दक्षिणेकडे खेड तालुक्यातील रसाळगड सहकुटुंब जाण्याजोगा आहे. वाहन बरेच वर जाते, झोलाईचे देऊळ मुक्कामाला चांगले आहे आणि गडाचा विस्तार निवांत पाहता येतो. सिंधुदुर्गात शिवापूरचा मनोहरगड आणि कोल्हापूरच्या सीमेवरचा, नारूर बाजूने चढायचा रांगणा हे दोन्ही रानाचे गड आहेत. तिथे गावातला वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नये.

सोप्या डोंगरांच्या यादीत चुकूनही जे येऊ नयेत, तेही सांगितले पाहिजेत. लिंगाणा, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, सागरगडाजवळचे वानरटोक, मनोहरगडाला लागून असलेला मनसंतोषगड आणि खेडचा सुमारगड यांवर जाण्यास दोर, कातळारोहणाचे शिक्षण किंवा दोन्ही लागतात. कर्नाळा किल्ल्यापर्यंतची अभयारण्यातली वाट उत्तम आहे, पण ती सुळक्याच्या पायथ्याशी संपते असेच समजावे.

शरीराची तयारी

चार ते सहा आठवडे पुरेसे आहेत. रोज चाळीस मिनिटे झपाझप चालावे आणि आठवड्यातून तीन दिवस चढ-उतार करावा. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. कोकणातल्या वाडीवाडीत जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटा, आहेत. घरामागची पाखाडी पाठीवर पाच किलो वजन घेऊन दहा वेळा चढावी आणि उतरावी. उतरणे महत्त्वाचे अशासाठी की दुसऱ्या दिवशी दुखणारे मांडीचे पुढचे स्नायू उतरतानाच ताणले जातात, आणि गुडघ्याला सांभाळतात ते हेच स्नायू. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी भरतीच्या रेषेवरच्या मऊ वाळूत अनवाणी चालावे, त्याने घोटे बळकट होतात. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच तयारी सुरू करावी.

पाणी, खाणे आणि सामान

माणशी तीन लिटर पाणी हे किमान प्रमाण समजावे, उन्हाळ्यात चार. गडावर टाके आहे म्हणून कमी पाणी नेण्याची चूक सर्रास होते. टाके आटलेले असू शकते, त्यात शेवाळ असू शकते किंवा तिथपर्यंत पोहोचायच्या आतच पाणी संपू शकते. नुसते पाणी पीत राहणेही पुरेसे नाही, कारण घामातून मीठ जाते. एका बाटलीत जलसंजीवनी न्यावी. तयार पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, विरघळवावे. मीठ-साखर घातलेले कोकम सरबतही चांगले आणि ते पिण्याचा कंटाळा येत नाही.

खाण्यासाठी तांदळाची भाकरी किंवा थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू, खजूर, केळी एवढे पुरते. ओल्या नारळाची चटणी मात्र नेऊ नये, दुपारपर्यंत ती आंबते. थोडे थोडे, दर तासाला खावे.

सामानाची यादी लांबवण्यात अर्थ नाही. तळव्याला खोल खाचा असलेले आणि आधी निदान पंधरा दिवस वापरलेले बूट, पूर्ण बाह्यांचा सुती-मिश्र सदरा, लांब विजार, टोपी, डोक्याला बांधायची विजेरी, शिटी, एक दंडुका, चिकटपट्टी, स्वच्छ फडके, रुंद पट्टीचा बँडेज रोल आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाइल. मोबाइलमध्ये परिसराचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा, कारण घळीत शिरले की रेंज जाते. लांब विजार आवश्यक का, हे हिवाळ्यात रानात गेल्यावर लगेच कळते. वाटेकडेच्या झुडपांवर खाजकुइलीच्या सोनेरी शेंगा लोंबत असतात आणि त्यांची लव कातडीला लागली की आग होते. ती लव चोळू नये, चिकटपट्टीने उचलून घ्यावी आणि मग पाण्याने धुवावे.

वेळेचे गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढासाठी आणखी एक तास वाढवावा. तीन किलोमीटर अंतर आणि ४५० मीटर चढ असेल तर या हिशेबाने एक तास वीस मिनिटे होतात. तो नियम थंड हवेतल्या सराईत माणसाचा आहे. कोकणातल्या दमट हवेत नवख्याने येणारा वेळ दुप्पट धरावा, म्हणजे पावणेतीन तास, आणि उतरायला दोन तास. वर दीड तास थांबायचे असेल तर सव्वासहा तास होतात.

हा हिशेब मागून पुढे करावा. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट रानात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारते. पण संध्याकाळ ही आपली मर्यादा नसून दुपार आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर कोकणातून चढताना आपण पश्चिमेकडच्या उतारावर असतो. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असल्यामुळे हा उतार बराच वेळ सावलीत राहतो. बारा वाजल्यानंतर मात्र तोच उतार थेट उन्हात येतो आणि सूर्यास्तापर्यंत तापत राहतो. समुद्रावरून येणारे खारे वारे दिवस तापल्यावर सुरू होतात आणि दाट झाडीच्या घळीत ते पोहोचतीलच असे नाही. म्हणून सकाळी सव्वासहाला विजेरीच्या उजेडात पायथा सोडावा, नऊच्या आसपास माथ्यावर असावे, साडेदहाला उतरू लागावे आणि साडेबारापर्यंत गावात यावे. याशिवाय एक परतीची वेळ आधीच ठरवावी. साडेदहाला माथा अर्ध्या तासावर असला तरी तिथूनच मागे फिरावे.

एवढ्या सकाळी पायथ्याच्या गावात पोहोचायचे कसे, हा प्रश्न कोकणात नेहमी येतो. पहिली एसटी बहुधा उशिरा पोहोचते. त्यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे आदल्या संध्याकाळी वस्तीच्या गाडीने जावे. ही गाडी रात्री गावातच मुक्काम करते आणि पहाटे परत निघते. रात्री देवळात किंवा कोणाच्या पडवीत पथारी पसरायची सोय बहुतेक गावांत होते, मात्र आधी विचारावे आणि जेवणाचे पैसे मोकळेपणाने द्यावेत. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी स्थानकापासून गावापर्यंतच्या रिक्षाची बोलणी आदल्या दिवशीच करून ठेवावीत.

वाट धरणे आणि वाट राखणे

गावात वाट विचारण्याची एक पद्धत आहे. ‘ही वाट गडावर जाते ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी ‘मावशी, गडावर जायचे तर तुम्ही कुठून जाता?’ असे विचारावे. मग ती नेमके सांगते: पहिल्या पऱ्यापाशी (पावसाळी ओढ्यापाशी) उजवीकडे, आंब्याच्या खालून, धनगरवाडा डाव्या हाताला ठेवून. या खुणा वहीत लिहून घ्याव्यात. किती जण वर चाललो आहोत आणि केव्हा परतणार, हेही त्याच घरी सांगून जावे. वाटाड्या मिळत असेल तर जरूर घ्यावा. ठाकर, कातकरी आणि धनगर समाजातल्या लोकांना हे रान जेवढे माहीत आहे तेवढे कोणत्याही नकाशाला नाही आणि त्यांच्या दिवसाची योग्य मजुरी आधी ठरवून देणे ही आपली जबाबदारी आहे.

रानात सर्वाधिक चकवा देतात त्या ढोरवाटा. मळलेली माणसांची वाट आणि ढोरवाट यांतला फरक थांबून पाहिला तर दिसतो. गुरे उतारावर आडवी चालतात, त्यामुळे त्यांच्या वाटा एकाच पातळीत जातात आणि थोड्या अंतरावर तीन-चार फाटे फुटून विरळ होतात. माणसांची वाट हळूहळू का होईना, वर चढते. दुसरी खूण डोळ्यांच्या उंचीवर असते. गुरांच्या वाटेवर फांद्या कमरेपर्यंतच मोडलेल्या असतात आणि त्यावर जाळी मिटलेली असते, म्हणून आपल्याला वाकावे लागते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने तिरक्या छाटलेल्या असतात. सलग दहा मिनिटे वाकून चालावे लागले, तर आपण ढोरवाटेवर आहोत असे समजून शेवटच्या नक्की खुणेपर्यंत मागे यावे. ‘वरच जायचे आहे ना, मग कसेही चढू’ असा विचार करून करवंदीच्या जाळीत घुसणे ही कोकणातल्या बहुतेक शोधमोहिमांची सुरुवात असते.

पऱ्या ओलांडताना विशेष काळजी घ्यावी. वाट कोरड्या पऱ्यात उतरते, काही अंतर दगडांतून जाते आणि पलीकडच्या काठावर बाहेर पडते. चढताना ती बाहेर पडण्याची जागा सहज दिसते, उतरताना मात्र माणूस पऱ्यातच सरळ खाली जात राहतो आणि शेवटी धबधब्याच्या कोरड्या कड्यावर येऊन अडकतो. म्हणून पऱ्यात शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या दोन्ही जागी तीन दगडांची उतरंड रचावी आणि दर फाट्यावर मागे वळून एकदा पाहावे. परतताना डोंगर दिसणार आहे तो तसा.

चाल अशी असावी की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा. पन्नास मिनिटे चालून सात-आठ मिनिटे बसावे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवावा, सर्वांत अनुभवी माणसाला शेवटी.

कातळटप्पा

सोप्या गडांवरही दहा-पंधरा फुटांचा कातळ कुठेतरी लागतोच. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा आहे. कोरडा असताना त्यावर बूट चांगला धरतो. धोका असतो तो वरच्या बारीक खडीचा आणि वाळक्या गवताचा. त्यामुळे पाऊल ठेवण्यापूर्वी बुटाच्या टोकाने ती जागा झाडून घ्यावी. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी पक्क्या जागी असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. हाताची पकड घेताना दगडाला आधी तळहाताने थापटावे. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तो दगड सुटा आहे. पकड खाली दाबावी, बाहेर ओढू नये. कारवीच्या काठ्या हाताशी येतात, पण त्यांना ओढून चढू नये. त्या वरून सशक्त दिसल्या तरी मुळे उथळ मातीत असतात.

सरसगडाच्या पायऱ्यांवर उतरताना पुष्कळ जण पाठ कातळाकडे करून बसत बसत येतात. त्यात तोल पुढे जातो आणि पाठीवरची पिशवी पायरीला अडून धक्का देते. जिथे पायरी गुडघ्याहून उंच आहे तिथे कातळाकडे तोंड करून, शिडी उतरावी तसे, एक पाय खाली पक्का टेकला की मगच दुसरा सोडावा. खालचा माणूस घळीतून बाजूला झाल्याशिवाय वरच्याने सुरुवात करू नये. दगड निसटला तर ‘दगड!’ असे मोठ्याने ओरडावे आणि खालच्यांनी वर न पाहता कातळाला चिकटावे.

माथ्यावर

कड्याच्या टोकाशी वाळके गवत पुढे झुकलेले असते, त्यामुळे जमीन जिथे संपते असे वाटते त्याच्या दोन-तीन फूट अलीकडेच ती संपलेली असते. कड्यापासून माणसाच्या उंचीइतके अंतर राखावे. छायाचित्रासाठी मागे मागे सरकू नये. पाण्याच्या टाक्यात पाय, भांडी किंवा साबण घालू नये, तेच पाणी गुराखी आणि पुढचे येणारे पितात. भिंतीवर नावे कोरणाऱ्याला जागीच थांबवावे. सुधागडावर किंवा रसाळगडावर देवळात मुक्काम असेल तर चप्पल-बूट बाहेर, मांसाहार आणि मद्य पूर्ण वर्ज्य, आणि सकाळी निघताना झाडू. चूल पेटवायची वेळ आलीच तर ती दगडांच्या आत, वाळक्या गवतापासून दूर, आणि निघताना पाणी ओतून विझवावी. गवताला लागलेला वणवा उताराने वर फार वेगाने चढतो.

अडचण आली तर

उष्माघाताची सुरुवात ओळखता आली पाहिजे, कारण कोकणात हा सर्वांत संभाव्य धोका आहे. माणूस गप्प होतो, पाय अडखळतात, डोके दुखते, मळमळते. या क्षणी थांबले तर अर्ध्या तासात तो सावरतो. सावलीत निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, सदरा ओला करून वारा घालावा आणि जलसंजीवनी घोट घोट पाजावी. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडाने काही देऊ नये, अंग ओले ठेवून वारा घालत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. त्या दिवशीची चढाई तिथेच संपली.

सर्पदंशात मनाची भीती आणि लोकांचे उपाय हे दोन्ही आवरावे लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर सरकारी रुग्णालयांत वापरली जाणारी प्रतिसर्पविष लस चालते. त्यांपैकी फुरसे दक्षिण कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या कातळ-पठारांवर) विशेष आढळते. ते लहान असते, दगडाखाली असते, आणि म्हणून न बघता दगडात हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. अंगठ्या, कडी, घड्याळ काढावे, तो हात किंवा पाय दंडुक्याच्या आधाराने स्थिर बांधावा आणि माणसाला चालू न देता उचलून खाली न्यावे.

कोकणातला तांबडा विंचूही तितकाच गंभीर आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून या विंचूदंशाचे मृत्यू कमी करता येतात हे दाखवले आणि त्यांच्या कामाची दखल जगाने घेतली. दंशानंतर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर ती नुसत्या वेदनेची नव्हेत, त्यांचा परिणाम हृदयावर होत असतो. वेळ न दवडता जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. मुक्कामानंतर सकाळी बूट झटकून घालण्याची सवय याचसाठी लावून घ्यायची.

कड्यांवर आग्यामोहोळे असतात. कर्नाळ्याचा सुळका त्यासाठी ओळखला जातो. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. त्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड आणि डोके कापडाने झाकून, आलेल्या वाटेने दूर जावे. कड्याच्या दिशेने धावू नये.

वाट पूर्ण हरवली आणि अंधार पडू लागला तर चालणे थांबवावे. एकत्र राहावे, ११२ क्रमांकावर संपर्क साधून नकाशावरचे ठिकाण सांगावे आणि मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, असा संकेत देत राहावे. कोकणात थंडीने गारठून मरण्याची भीती नसते. अंधारात कड्यावरून पडण्याची असते.

उतरणे आणि त्यानंतर

उतरताना गुडघे किंचित वाकलेले, पावले लहान आणि दंडुका पुढे. सुट्या खडीच्या घसाऱ्यावर टाच आधी रोवावी. गावात पोहोचल्यावर जिथे सांगून गेलो होतो त्या घरी परतल्याचे सांगावे, नाहीतर संध्याकाळी तीच माणसे कंदील घेऊन शोधायला निघतात. कपडे बदलताना काखा, कंबर आणि गुडघ्यामागे गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांतीपेक्षा अर्धा तास सावकाश चालणे पायांना बरे.

पुढचा डोंगर केव्हा घ्यावा

सुधागड ठरवलेल्या वेळेत चढून उतरता आला, तीन लिटरपैकी निदान अर्धा लिटर पाणी शिल्लक राहिले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर दोन दिवसांच्या मोहिमेला शरीर तयार आहे. खेड तालुक्यातला महिपतगड त्यासाठी चांगला आहे. दहिवलीकडून वाडी बेलदारपर्यंतच चांगली चढण आहे, तिथे गावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विस्तीर्ण माथा आणि पारेश्वराचे देऊळ पाहता येते. तिथून रसाळगडाकडे जाताना मध्ये सुमारगड लागतो. त्याच्या माथ्याचा मोह टाळून कुशीतल्या वाटेने, वाटाड्यासह, पुढे जावे. ज्यांना तो माथा किंवा एखादा सुळका खुणावतो आहे त्यांनी आधी गिर्यारोहण संस्थेचे कातळारोहणाचे प्राथमिक शिबिर पूर्ण करावे आणि निदान एक हंगाम अनुभवी माणसांच्या दोरावर, त्यांच्या मागून, चढावे.